एकही फुली नाही

१

हिलाल महाजन हौदात उपडा तरंगत होता आणि त्याच्या शेजारी आगीची लाल बादली तरंगत होती.

रविवारची सकाळ, सव्वानऊ. धरणगावच्या गिरणामाई जिनिंग मिलच्या मागच्या अंगाला हा हौद. पिण्याचा नाही, धुण्याचा नाही. कापसाला आग लागली तरच त्यातलं पाणी काढायचं. आत उतरायला शिडी नाही, काठाला शेवाळ. अडुसष्ट वर्षांचा रात्रपाळीचा रखवालदार, दम्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याला चौघांनी दोर टाकून वर काढलं तेव्हा त्याच्या उजव्या मुठीत अजून शेवाळ होतं. काठ धरायचा प्रयत्न केला होता बिचाऱ्यानं.

हवालदारानं खिशातून वही काढली. "पाय घसरला म्हाताऱ्याचा. अकस्मात मृत्यू." पाच मिनिटांत माणूस मेला, निकाल लागला, वही मिटली. आपल्याकडे गरिबाचा पाय फार लवकर घसरतो.

नूतन बोरसे हे सगळं लांबून बघत होती. ती धुळ्याची, कंपनी सेक्रेटरी, स्वतःची छोटी कचेरी. मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणानं तिला इथं धाडलं होतं. गिरणामाई मिल परराज्यातल्या एका बड्या कापड कंपनीत विलीन करायची की नाही, यावर भागधारकांची सभा न्यायाधिकरणाच्या हुकमानं आदल्या दिवशी, शनिवारी, झाली होती. अध्यक्ष म्हणून मुंबईहून आलेले निवृत्त जिल्हा न्यायाधीश रुपचंद सैंदाणे आणि मतं तपासायला स्क्रुटिनायझर म्हणून नूतन. हजर असलेल्यांच्या भागांपैकी पंचाहत्तर टक्के 'मंजूर' निघाले तर मिल गेली. मग सरकी काढायचे चरखे विकले जाणार, हमरस्त्यावरच्या अकरा एकरांवर प्लॉट पडणार आणि गावाला चाळीस भागांमागे एक भाग मिळणार. चाळिसाच्या आतले भाग असलेल्याला चेक आणि रामराम.

ही मिल चाळीस वर्षांपूर्वी गावानंच उभी केलेली. कुणी कापूस दिला, कुणी अंगमेहनत. बदल्यात भाग घेतले. हिलालचे पण दहा होते.

"मोजणी दहाला ठरली आहे," सैंदाणेसाहेब घड्याळ बघत म्हणाले. पांढरा सदरा, कपाळावर गंध, आवाज देवळातल्यासारखा. "दुःखद आहे. पण हुकूम तो हुकूम. चला, नूतनताई."

हौदावरून प्रेत उचलायच्या आत मोजणी सुरू झाली.

२

पेटी पत्र्याची, झाकणाच्या फटीवर कागदी पट्टी डकवलेली, पट्टीवर नूतनची सही. पट्टी शाबूत. नूतननं ती अलगद सोडवून पाकिटात ठेवली आणि पेटी उघडली.

दोनशे त्रेचाळीस मतपत्रिका. सभासदाची सही हजेरीवहीत घेतलेली. मतपत्रिकेवर नुसता त्याचा फोलिओ क्रमांक, म्हणजे भागांच्या वहीतला नंबर, भागांची संख्या आणि दोन चौकटी: मंजूर, नामंजूर. वर छापलेली सूचना: 'योग्य चौकटीत बरोबरची खूण करावी.'

बरोबरची खूण. बरोबरची खूण. बरोबरची खूण. नूतन एकेक उलगडत गेली. सगळं स्वच्छ. एकही पत्रिका बाद नाही. दुपारी निकाल आला: सत्त्याहत्तर टक्के मंजूर.

खोलीत तिघं होते. मिलचे चेअरमन अभयकुमार ओस्तवाल, वय पंच्याहत्तर, चार पिढ्या धरणगावात. विरोधी सभासदांचा पुढारी ललित पाटील. आणि सैंदाणेसाहेब. मतपेटीच्या कपाटाच्या तीन सारख्या किल्ल्या या तिघांकडेच होत्या, सगळ्यांचा भरवसा राहावा म्हणून.

ललित ताडकन उठला. "सत्त्याहत्तर? आम्ही घरोघर फिरलोय, भाऊ! निम्मं गाव विरोधात होतं!"

"तोंडानं विरोधात असतं गाव," साहेब हसले. "पेटीत वेगळं असतं. निवडणुकीत हरलेल्याला कायम असंच वाटतं, ललितराव."

अभयकुमारांचा चेहरा मात्र असा झाला होता, जणू त्यांच्याच घरात कुणी तिसऱ्यानं येऊन फर्निचर हलवलं.

"अहवालावर सही करा," साहेबांनी कागद पुढे सरकवला. "उद्या मुंबईला पाठवतो."

नूतननं पेन उघडलं आणि परत मिटलं. त्या दोनशे त्रेचाळीस कागदांत काहीतरी नव्हतं. काय नव्हतं ते तिला कळेना. पण ते असायला हवं होतं.

"उद्या सकाळी करते, साहेब. आधी त्या बाईला भेटून येते."

"कोणती बाई?"

"हिलालची."

साहेबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

३

भिकुबाईच्या दारात बाया बसल्या होत्या. भिकुबाई रडत नव्हती. रडून झालं होतं.

"त्या कधीच हौदवर जायेत नईत," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "दमा व्हता त्यासले. वाकाले येये नई. बादली कसाले लयी गयात त्या?"

नूतन धुळ्याची. तिला अहिराणी समजायची, बोलताना लाजायची. शाळेत मास्तरांनी त्याबद्दल छड्या मारल्या होत्या. "आगीची बादली होती ती, अक्का."

"मंग इस्तो लागेल व्हयी! दुसरा कसाले लयी जातीन?"

"आग? मिलमध्ये?"

शेजारची सुनंदाबाई मध्ये बोलली. कालच्या सभेचा स्वयंपाक तिनं केला होता, फाटकाबाहेरच्या मांडवात, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. "ताई, आत कुणाकडे काडीपेटी नसते. फाटकावर खिसे तपासतात. एकदा एकाकडे बिडी सापडली, अभयशेठनं त्याच दिवशी घरी बसवला. सख्खा भाचा होता शेठच्या मुनिमाचा."

"काल कुणी आत नेली का काडीपेटी?"

सुनंदाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी दिली ना एक. मोठ्या साहेबाला. म्हणे संध्याकाळची पूजा आहे, उदबत्ती लावायची. साहेबाचे खिसे कोण तपासणार?"

नूतननं ते मनात टिपून ठेवलं. पण पूजा म्हणजे पूजा. म्हातारी माणसं करतात. तिनं दुसराच प्रश्न विचारला.

"अक्का, हिलालभाऊंनी मत काय दिलं होतं?"

"माले सांगं त्यासनी. 'नामंजूरवर फुली मारी उनू, आते व्हवो ते व्हवो.' तसाच हसनात."

"फुली?"

"मंग काय मारतस? सोसायटीले मारतस तशी." भिकुबाईला वाटलं, ही शिकलेली बाई खुळी आहे. "आपला माणूस निवडाना तं फुली. बठ्ठा गावनी फुलीच मारी व्हयी."

तेच नव्हतं पेटीत.

चाळीस वर्षं विकास सोसायटी, बाजार समिती, दूध संघ. जो हवा त्याच्यावर फुली. या गावात बरोबरची खूण फक्त मास्तर करतो, पोरांच्या वहीत. छापील सूचना इथं कोण वाचतं? दोनशे त्रेचाळीस खानदेशी माणसांनी मत दिलं आणि त्यात एकही फुली नाही? ह्या गावात ते शक्य नव्हतं.

पत्रिका बदलल्या होत्या. एकदोन नाही. सगळ्याच्या सगळ्या.

४

पण पट्टी शाबूत होती. सही तिची होती.

नूतन मिलमध्ये परतली, पाकिटातली पट्टी काढली आणि खिडकीपाशी नेली. वळणदार 'नू. बोरसे', शेवटच्या 'से'ची लांब शेपटी. पट्टीच्या कडेच्या आत, छान बसलेली.

तिची सवय वेगळी होती. पेटी सील करताना ती आधी पट्टी डकवायची, मग सही करायची, अशी की अर्धी कागदावर, अर्धी पत्र्यावर. शनिवारी साडेचारला तिनं तेच केलं होतं. पेटी उजेडात धरली. पत्र्यावर निळ्या शाईची पुसट शेपटी होती. पट्टीवरही शेपटी होती. एका सहीला दोन शेपट्या!

मग तिला आठवलं, आणि तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पेटी सील झाल्यावर साहेब म्हणाले होते, "नूतनताई, एका जादा पट्टीवर सही करून ठेवा. गोंद कच्चा आहे, फाटली तर पंचाईत नको." आणि तिनं टेबलावर ठेवलेल्या कोऱ्या पट्टीवर सही केली होती. निवृत्त न्यायाधीशाला नाही कोण म्हणणार? अंगठाबहाद्दर म्हातारीसुद्धा कोऱ्या कागदावर अंगठा देत नाही. पदवीवाली नूतन बोरसे देते.

ती पट्टी साहेबांनी तिच्या डोळ्यांदेखत फाईलला टाचली होती. फाईल कपाटात, पेटीशेजारी. म्हणजे किल्ली असलेल्या तिघांपैकी कुणालाही ती मिळू शकत होती.

शनिवारी पाच ते सव्वासहा जेवणाच्या तीन पंगती झाल्या. मांडवात लाउडस्पीकर कोकलत होता. ते तिघंही पंगतीत नव्हते.

ललितला तिनं बसस्टँडजवळ गाठलं.

"म्हाताऱ्या बायांना एरंडोलच्या गाडीत बसवायला गेलो होतो," तो तडकला. "माझ्यावर संशय? लोक म्हणतात ललित विकला गेला, आता तुम्ही पण म्हणा!"

"विकले गेलात का?"

"किंमत विचारायला आले होते. मी शिवी दिली. ती लिहून घेता का?"

"एकच सांगा. लोकांना मत कसं द्यायला शिकवलंत?"

"शिकवायचं काय त्यात? नामंजूरवर फुली. तीन दिवस तेच ओरडत फिरलो, घसा बसला."

फुलीचा प्रचार करणारा माणूस खोट्या पत्रिका भरायला बसला असता, तर त्यानं फुल्याच मारल्या असत्या.

उरले दोन.

५

अभयकुमार कचेरीत एकटेच बसले होते. वखारीच्या दारातून रुईच्या गाठी दिसत होत्या.

"शेठ, काल पंगतीच्या वेळी कुठे होतात?"

"घरी. सूर्य मावळायच्या आत जेवतो आम्ही. अख्खं गाव जाणतं." ते कोरडं हसले. "पण तुम्ही ते विचारायला नाही आलात. विचारा, मीच बदलल्या का?"

"बदलल्या हे तुम्हाला कसं माहीत?"

म्हाताऱ्यानं ड्रॉवरमधला हजेरीचा उतारा काढून एका ओळीवर बोट ठेवलं. फोलिओ तीन. त्यांचा स्वतःचा.

"मोजताना तुम्ही माझी पत्रिका वाचलीत. मंजूर, बरोबरची खूण. मी नामंजूरवर फुली मारली होती, ताई."

"तुम्ही? योजना तर तुमच्याच बोर्डानं आणली!"

"माझ्या मुलानं आणली. रोनकनं. त्याला पुण्यात राहायचंय, चरख्याचा आवाज त्याला सोसत नाही. बोर्डात मी मान खाली घातली. पेटीत घालायची नव्हती." त्यांनी उतारा परत ड्रॉवरमध्ये टाकला. "आणि मोजणीत बोललो नाही, कारण बोललो असतो तर पोराचं थोबाड गावासमोर फुटलं असतं. बाजार समितीत तीस वर्षं फुली मारतोय मी. बरोबरची खूण करायला मी काय परीक्षक आहे?"

भिकुबाईच्या 'इस्तो'वरून नूतननं हौदाभोवती आधीच शोधून ठेवलं होतं; तिनं त्यांना मागच्या भिंतीकडे नेलं. कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर वर, काळा डाग होता. खाली पाणी ओतून राख धुतलेली.

अभयकुमारांनी डागाला हात लावला, वास घेतला आणि हात झटकला. "जिनात इस्तो? कोणी पेटाडा?" इतक्या वर्षांचं व्यापारी मराठी गळून पडलं. "मन्हा बाप सांगे, जिनमा इस्तो म्हंजे पोटना पोऱ्याले काडी लावनं! धरणगावना माणूस हाई करावच नई!"

नूतनला तेवढंच हवं होतं. जिनात काडी ओढणारा माणूस या गावचा नव्हता. फुली न मारणाराही या गावचा नव्हता. तीन किल्ल्यांपैकी एकच किल्ली बाहेरच्याकडे होती.

"शेठ, सैंदाणेसाहेबांचं त्या बड्या कंपनीत कोण आहे?"

अभयकुमारांनी डोळे मिटले. "त्यांचा मुलगा. कायदा विभागाचा प्रमुख म्हणून घेतलाय. तीन महिने झाले. रोनकनंच गाठ घालून दिली. मला वाटलं, न्यायाधिकरणाला सांगितलं असेल त्यांनी."

सांगितलं नव्हतं. साहेबांचं प्रतिज्ञापत्र नूतनच्याच फाईलमध्ये होतं: 'माझा उभय कंपन्यांशी कोणताही संबंध नाही.'

६

साहेब विश्रामखोलीत सामान भरत होते. नूतन दारात उभी राहिली.

"सही आणलीत?"

"पत्रिका तुम्ही घरीच भरून आणल्यात, साहेब. तुमच्याच हुकमानं छापखान्यात दोन संच छापले. एक राखीव म्हणून, छपाईचं बिल माझ्या फाईलमध्ये आहे. सगळ्यांच्या नावाच्या पत्रिका, थोड्या नामंजूर, म्हणजे खरं वाटावं. तुमचीच छापील सूचना, तुम्ही ती पाळलीत. गावानं पाळली नाही."

"बसा."

"पंगती चालू असताना हजेरीवही बघून गैरहजर माणसांच्या पत्रिका काढल्यात, बाकीच्या पेटीत टाकल्यात आणि माझी कोरी पट्टी डकवलीत. खऱ्या पत्रिका उलगडूनसुद्धा पाहिल्या नाहीत. एक जरी उलगडली असती तरी फुली दिसली असती. पण लोकांनी काय लिहिलंय ते तुम्ही कशाला वाचाल? घड्या तशाच पेटवल्यात. पूजेच्या काडीनं."

साहेबांनी धोतराची घडी घातली, बॅगेत ठेवली. कडेला कड जुळवून. हीच गोष्ट नूतनला सगळ्यात किळसवाणी वाटली.

"कल्पना चांगली आहे. पुरावा?"

"हिलाल धुराच्या वासानं धावत आला. दम्याचा माणूस, बादली घेऊन. तुम्ही ढकललंत त्याला."

"मी हात लावला नाही!" पहिल्यांदा आवाज चढला. "तो मला बघून दचकला. बादली बुडवायला वाकला आणि गेला. मी ढकललं नाही."

"काढलंतही नाही."

खोलीत पंखा कुरकुरत होता.

"दोर भिंतीला टांगलेला होता, साहेब. चार पावलांवर."

"तो ओरडत होता," ते हळू म्हणाले. "कागद अजून पुरते जळले नव्हते." मग त्यांनी मान वर केली आणि पुन्हा न्यायाधीश झाले. "हे तुम्ही कुणाला सांगणार? मी नाकारीन. उरेल काय? तुमच्या सहीची पट्टी. कोऱ्या पट्टीवर सही कुणी दिली? तुम्ही. पेटीची जबाबदारी कुणाची? तुमची. मला बुडवायला याल तर आधी तुमचा परवाना जाईल, मग तुमच्यावरच गुन्हा. मला वकील मिळतील. तुम्हाला धुळ्यात अशील मिळणार नाही. सही करा आणि घरी जा. म्हाताऱ्याच्या बायकोला मी काहीतरी देईन."

नूतनला ठाऊक होतं, यातला शब्द न् शब्द खरा आहे. पंधरा वर्षांची कचेरी, भिंतीवरचं प्रमाणपत्र, पोरीची फी, सगळं त्या अडीच इंची कागदावर लटकत होतं. तिनं सही केली तर दोनशे त्रेचाळीस माणसांनी जे म्हटलंच नाही ते त्यांनी म्हटलं असं होणार आणि हिलालचा पाय कायमचा घसरणार. नाही केली तर ती गेली.

तिनं टेबलावरचा अहवाल उचलला, उभा फाडला आणि बाहेर पडली.

७

सोमवारी सकाळी तिनं न्यायाधिकरणाला स्वतंत्र अहवाल पाठवला. त्याचं पहिलं वाक्य लिहायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागला: 'शनिवारी मी एका कोऱ्या पट्टीवर सही करून दिली, या सभेतला पहिला अपराध माझा आहे.' त्यानंतर बाकीचं भराभर लिहून झालं. अभयकुमारांनी स्वतःच्या फुलीचं प्रतिज्ञापत्र जोडलं. मुलाचं नाव त्यात त्यांनी स्वतःच्या हातानं घातलं.

दुपारी ती भिकुबाईला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. ललित आणि सुनंदाबाई बाहेर बाकावर बसले.

फौजदार तरुण होता, नुकताच बदलून आलेला. त्यानं अर्ज दोनदा वाचला आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, निवृत्त जिल्हा न्यायाधीश आहेत ते. वरून फोन येईल."

"येऊ द्या. तुम्ही लिहा."

"मायला, तुम्ही तर ऐकतच नाही." त्यानं पेन घेतलं. "फिर्यादी?"

"भिकुबाई हिलाल महाजन," नूतन म्हणाली. भिकुबाईनं मान हलवली.

"आरोपी?"

"रुपचंद सैंदाणे. न्यायाधिकरणानं नेमलेले अध्यक्ष. पेटीतली मतं जाळली, आणि माणूस बुडताना दोर टाकला नाही."

फौजदारानं लिहिलं. अक्षर वाईट होतं, पण लिहिलं. मग अर्जाच्या तळाशी त्याचं बोट थांबलं. "इथं आरोपी क्रमांक दोन लिहिलंय. नाव चुकून तुमचंच पडलंय, मॅडम. खोडतो."

"चुकून नाही पडलं."

भिकुबाईला ते कळलं नाही. तिनं नूतनच्या तोंडाकडे पाहिलं. "काय व्हयनं व माय?"

"काही नाही, अक्का. साहेबांना वकील मिळतील. पट्टीचं ते मलाच विचारणार. मग मी लपून कसं चालेल? पट्टीची कबुली माझ्याच नावानं असली तर त्यांचं नाव खोडता येणार नाही." आणि ती फौजदाराकडे वळली. "लिहा. नूतन दिलीप बोरसे. वय एकोणचाळीस. राहणार देवपूर, धुळे."

"व्यवसाय?"

बाहेर ललित कुणावर तरी ओरडत होता.

"कंपनी सेक्रेटरी," ती म्हणाली. "आजच्या तारखेला तेच लिहा."